पोटातच पसंत

ते वर्ष दोन हजार शेहेचाळीस. गडहिंग्लजच्या एसटी स्टँडसमोर त्या वर्षी माझ्या पोटातल्या बाळाचा फोटो लागला होता. दुमजली घराएवढा. डोळे मिटलेले, नाक चपटं, आणि ओठांवरून जीभ फिरवून हसल्यासारखं तोंड. खाली लाल अक्षरांत 'पोटातच पसंत!' आणि त्याखाली आमच्या मसाल्याचं नाव.

मला कोणी विचारलं नव्हतं. मी भाजी घेऊन रिक्षातून घरी चालले होते. रिक्षावाल्यानं मान वर करून बोर्ड बघितला आणि म्हणाला, "कुणाचं पोरगं हाय कुणास ठाऊक, पर गोड हाय."

मी मांडीवरची मेथीची जुडी घट्ट धरली.

म्हाताऱ्या माणसानं विसरायला शिकावं म्हणतात. मला ते जमलं नाही, आणि मी तसा प्रयत्नही केला नाही. ज्यांना माफ करायचं त्यांना केव्हाच केलं. माझ्या नवऱ्याला, रणजितला, केलं नाही. ही गोष्ट त्याची आहे. त्याची मुलगी ओवी हिची आहे. आणि एका यंत्राची, जे आता कुठं पाहायलाही मिळत नाही.

तेव्हाचं गडहिंग्लज आठवतं. शिमग्याच्या आगेमागे बाजारात संकेश्वरी मिरचीचे ढीग लागायचे. ज्या गल्लीत मिरची कुटायचा डंक चालू असेल तिथं अख्खी गल्ली खोकायची. वाटेनं जाणारा नाकाला रुमाल लावायचा, पण रागवायचा नाही. "कुणाचा मसाला लागलाय?" एवढंच विचारायचा. आता सगळं बंद खोल्यांत दळतात. कोणी शिंकतही नाही. मला त्या शिंकांची आठवण येते.

मी निपाणीच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. लग्न उशिरा झालं, रणजितशी. त्याची पहिली बायको सुलक्षणा दोन वर्षांपूर्वी हृदयविकारानं गेली होती. मसाला मुळात तिचा. स्वयंपाकघरातल्या एका खलबत्त्यावर तिनं सुरुवात केली, आणि त्याचा कारखाना झाला. 'वहिनी मसाला'. पाकिटावर तिचाच चेहरा होता, रेघांनी काढलेला. ठसठशीत नथ, आणि हसताना दिसणारा एक वाकडा दात. चित्रकारानं तो दात सरळ केला तर तिनं पुन्हा वाकडा करायला लावला होता म्हणे.

तिची मुलगी ओवी. मी घरात आले तेव्हा तेरा वर्षांची. ती मला 'मावशी' म्हणायची, अहोजाहो करायची, आणि तिकीट तपासनीसाशी बोलावं तितकंच बोलायची. दोष तिचा नव्हता. मीही तिच्या खोलीच्या दाराशी कधी दोन मिनिटं जास्त थांबले नव्हते.

पुढच्या वर्षी मला दिवस गेले. कोल्हापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डोहाळपट्टा लिहून दिला. त्या काळात जवळजवळ सगळ्याच बायकांना देत.

आजच्या मुलींना तो ठाऊक नसेल, म्हणून सांगते. बाळाच्या जिभेवर चवीचे ठिपके चौथ्या महिन्यातच उमटतात. ज्या पाण्यात ते तरंगतं, ते पाणी ते गिळत असतं, आणि आई जे खाते त्याचा वास आणि चव त्या पाण्यात उतरते. लसूण उतरतो, बडीशेप उतरते, कारलंही उतरतं. पोटात ओळखीची झालेली चव मूल बाहेर आल्यावर आपली मानतं. आपल्या आज्या डोहाळे उगाच पुरवत नव्हत्या. हे सगळं माझ्या जन्माआधीपासून माहीत होतं. डोहाळपट्ट्यानं त्यात आपली भर घातली. पोटावर बांधायचा रुंद पट्टा. तो ध्वनिलहरींनी बाळाचा फक्त चेहरा पडद्यावर दाखवायचा, बाकीचं कायद्यानं झाकलेलं. सोबत एक छोटं भांडं यायचं. त्यात कुठलाही पदार्थ घातला की त्याचा अर्क निघायचा. अर्काचा थेंब आईच्या जिभेखाली ठेवला की काही मिनिटांत चव बाळापर्यंत जायची. आणि त्याच वेळी पट्टा दोनपैकी एक गोष्ट करायचा. 'जोजवणी' म्हणजे पाळण्यासारखा मंद, गुणगुणता हेलकावा. 'टोचणी' म्हणजे ताटलीवर खडे पडावेत तसा छोटा खडखडाट. जोजवणीबरोबर आलेली चव बाळाला आवडू लागायची, टोचणीबरोबर आलेली नकोशी व्हायची. घरोघरी मधुमेह होता. पोरांना साखर नकोशी आणि कारलं हवंसं व्हावं, एवढाच मूळ हेतू.

आणि या यंत्राचा रिमोट आईकडे नसायचा. तो थोरल्या मुलाकडे द्यायचा. आईला पुन्हा दिवस गेले की थोरलं पोर बाजूला पडतं, रुसतं. त्याला जबाबदारी दिली की मत्सर जातो, असं मानसशास्त्रज्ञांचं म्हणणं.

दवाखान्यातल्या समुपदेशक देवयानी मॅडमनी ओवीच्या हातात रिमोट ठेवला. "आता हा तुझा. तू ताई होणार ना? बाळाला काय आवडावं ते तू शिकवायचं."

ओवीनं तो उलटसुलट करून पाहिला. "आणि काय आवडू नये, तेपण?"

"तेपण!" मॅडम माझ्याकडे बघून हसल्या. "फार हुशार आहे हो मुलगी."

सुरुवातीला तिनं अगदी नेमानं केलं. शाळेतून आली की हात धुऊन माझ्याजवळ बसायची, कारल्याचा थेंब, मेथीचा थेंब, आणि जोजवणी. आम्ही दोघी पडद्याकडे बघायचो. एकदा बाळानं कारल्याला नाक मुरडलं आणि ओवी फस्सकन हसली. तिचा दात आईसारखाच वाकडा आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

मग रणजितला कल्पना सुचली.

"कारली काय शिकवताय?" तो दारातूनच म्हणाला. "धंद्याचं शिकवा. उद्या गादीवर बसायचंय त्याला."

"त्याला की तिला?" मी म्हटलं.

"त्याला," रणजित म्हणाला.

त्यानं आमच्या मसाल्याचा अर्क करायला लावला. ओवीनं थेंब दिला, जोजवणी लावली. बाळानं ओठांवरून जीभ फिरवली. रणजितनं पडद्याचं चित्र लगेच उतरवून घेतलं. मला वाटलं, बापाची हौस. पुढच्याच आठवड्यात स्टँडसमोर तो बोर्ड लागला.

आणि पाकीट बदललं. नव्या पाकिटांचा पहिला गठ्ठा घरी आला तेव्हा ओवी जेवत होती. तिनं एक पाकीट उचललं. नथ नव्हती, वाकडा दात नव्हता. तिथं माझं बाळ हसत होतं.

"बाबा, आई कुठंय?"

"अगं, मार्केट बदललंय. लोकांना नवीन पाहिजे."

"मसाला आईचा आहे."

"कारखाना माझा आहे. आणि तू कशाला त्यात पडतीस? तुला काय इथं राहायचंय? चार वर्षांनी दुसऱ्याच्या घरी जाशील."

ओवीनं पाकीट खाली ठेवलं, ताट उचललं आणि आत गेली. तिचं ते गप्प उठणं मला तेव्हा बरं वाटलं. समजूतदार आहे पोरगी, असं वाटलं. इतकी वर्षं वर्गात मुली पाहून मी एवढंच शिकले होते.

एका संध्याकाळी तिनं मसाल्याचा थेंब दिला आणि माझ्या पोटात खडखडाट झाला. बाळ आतून दचकलं. माझ्या बरगडीला त्याची टाच लागली.

"काय केलंस?"

"काही नाही."

"ओवी, वर्गात 'काही नाही' मी रोज ऐकलंय. रिमोट इकडं दे."

तिनं दिला. टोचणी लावलेली होती. रिमोटच्या नोंदीत दिसलं, नुसती आज नाही, कितीतरी दिवस. थेंब घेऊन माझा डोळा लागल्यावर, टीव्ही बघताना, दुखणं समजून कूस बदलत असताना. मी हात उगारला.

ती मागं सरली नाही. "मारा. पण आधी चाखून बघा."

तिनं आतून बशी आणली. बशीत दोन चिमटी मसाला. एक नव्या पाकिटातला. दुसरा तिच्या आईच्या हातचा, औषधाच्या बाटलीत लपवून ठेवलेला, तळाशी उरलेला.

पाकिटातला चाखला. एकदम जाळ झाला, मग काहीच नाही. जिभेवर लाल रंग तेवढा राहिला. दुसरा चाखला. आधी भाजलेलं खोबरं आलं, मग दगडफुलाचा तो पावसाळी लाकडासारखा वास, आणि तिखट सगळ्यांत शेवटी, घशाच्या मागं. उशिरा आलं, पण येऊन बसलं.

"आई म्हणायची, मिरची पाहुण्यासारखी यावी," ओवी म्हणाली. "आधी दाराशी खाकरावं, मग आत यावं. बाबांनी संकेश्वरी बंद केली. कसली तरी स्वस्त मिरची आणतात आणि रंग घालतात. आईला कळलं तेव्हा ती डंकापुढं जाऊन बसली, ती मिरची लावू देणार नाही म्हणून. बाबांनी तिला उचलून बाहेर ठेवलं. सगळ्या कामगारांसमोर. पोतं ठेवतात तसं. त्यानंतर ती कारखान्यात गेलीच नाही."

मला हे माहीत नव्हतं. पण माझा राग उतरला नाही. "बापाचा राग माझ्या बाळावर काढतेस? बाळ माझं आहे."

"तुमचं असतं तर बोर्डावर लागलं असतं का?"

मी रिमोट माझ्या कपाटात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी रणजितला म्हटलं, "तो बोर्ड उतरव."

"करार झालाय. परदेशात माल जाणार आहे. पोरगं पाच वर्षांचं होईतो त्याचं तोंड कंपनीचं."

"माझ्या पोराचं तोंड? मला न विचारता?"

रणजितनं शांतपणे भाकरीचा तुकडा मोडला. "सुलक्षणापण अशीच आडवी यायची. तिलापण पुढं कळलं, कुठं थांबायचं ते." मग माझ्याकडे बघून हसला. "तू खा, पी, आराम कर. पोट तुझं, पण पट्टा माझा आहे."

मी त्याला दुसरी भाकरी वाढली. सूड या शब्दाला लोक उगाच घाबरतात. मला त्या दिवशी किती तरी महिन्यांनी नीट भूक लागली.

संध्याकाळी मी रिमोट ओवीच्या हातात परत दिला. "टोचणी इतकी जोरात नको. हळू लावलीस तरी बाळ शिकतं. आणि नुसतं नावडतं शिकवून भागायचं नाही. आवडतंही शिकवायला पाहिजे."

"कसलं?"

"तुझ्या आईचं."

बाटलीतला मसाला दोन-चार थेंबांपुरताही नव्हता. तो नव्यानं करायला हवा होता, आणि सुलक्षणानं प्रमाण कुणालाच सांगितलं नव्हतं. ओवीकडे फक्त जीभ होती. आम्ही माझ्या माहेरी, निपाणीला जाऊ लागलो. डोहाळे लागलेत, माहेरचं खावंसं वाटतं, असं सांगून. माझ्या आईचा लोखंडी खलबत्ता परसात होता. ओवी खोबरं भाजायची, धणे भाजायची, लसूण ठेचायची. मी दगडफूल निवडून द्यायचे. ती चाखायची आणि थुंकायची.

"नाही. ही आई नाही."

पुन्हा भाजायचं. कधी तीळ जास्त, कधी लवंग पुढंपुढं करायची. मी खोकून बेजार, ती घामानं भिजलेली. एका दुपारी तिनं बोट चाटलं, पण थुंकली नाही. परसातल्या दगडावर जाऊन पाठमोरी बसली. मी पट्टा बांधला, थेंब जिभेखाली ठेवला आणि जोजवणी स्वतःच लावली. पडद्यावर बाळानं आधी कपाळ सैल सोडलं, मग तोंड उघडलं, जणू कोणी घास पुढं केलाय.

"ये, बघ," मी म्हणाले. "तुझ्या आईला ओळखलं त्यानं."

मी माझ्याच लेकराचा वापर केला का? लोकांनी पुढं तसं म्हटलं. म्हणू देत. त्याची जीभ त्याच्या बापानं आधीच बाजारात मांडली होती. मी तिला नाही म्हणायला शिकवलं.

सातव्या महिन्यात रणजितनं डोहाळजेवणाचा घाट घातला. मोठा हॉल, फुलांचा झोपाळा, मला हिरवं लुगडं, पोटावर पट्टा आणि मोगऱ्याचे दागिने. नातेवाईक थोडे, व्यापारी जास्त. बेळगाव, हुबळी, पुण्याचे. मसाला परदेशी नेणारे दोन पाहुणेही. भिंतभर पडदा. डोहाळजेवणात दोन झाकलेल्या वाट्या ठेवतात, एकीत पेढा, एकीत बर्फी, आणि बाईनं एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा. रणजितनं ठरवलं, वाट्यांत मसाल्याचा रस्सा ठेवायचा आणि बाळाचं हसू सगळ्यांसमोर दाखवायचं.

"वाट्या मी मांडते," ओवी म्हणाली. "ताईचा मान आहे."

"बघा आमच्या लेकीची हौस!" रणजित व्यापाऱ्यांना म्हणाला. त्याला वाटलं, दोन्हींत एकच रस्सा आहे.

ओवीनं रिमोट माझ्या नणंदेच्या, अश्विनीवन्संच्या हातात दिला. तो कुठून चालू होतो हेही त्यांना माहीत नव्हतं. म्हणजे कोणी काही दाबलं असं कुणाला म्हणता येणार नव्हतं.

मी पहिली वाटी उघडली. अर्क निघाला, थेंब जिभेखाली गेला. बायकांनी गाणं धरलं. गाणं दुसऱ्या कडव्यावर आलं तेव्हा पडद्यावरच्या बाळाच्या भुवया वर चढल्या. खालचा ओठ लोंबला. हनुवटी थरथरली आणि तोंड रडायला उघडलं, आवाज नसलेलं रडं, भिंतभर. मग त्यानं हात तोंडापुढं धरला.

गाणं थांबलं.

बेळगावचे एक म्हातारे व्यापारी पहिल्या रांगेत होते. ते मोठ्यानं म्हणाले, "रणजितराव, पोटातलं पोरगंच नको म्हणालंय की वो!"

मागून कोणीतरी हसलं. मग बरेच हसले.

"पडदा बंद करा," रणजित म्हणाला.

"दुसरी वाटी राहिली, बाबा," ओवी गोड आवाजात म्हणाली. "अर्धं ठेवलं तर अपशकुन असतो."

"उघडा हो, उघडा," म्हाताऱ्या बायका म्हणाल्या. अशा वेळी त्यांच्यापुढं कोणाचं चालत नाही.

मी दुसरी वाटी उघडली. हॉलमध्ये ताटं वाढणाऱ्यांचे हातसुद्धा थांबले होते. बाळाचं कपाळ हळूहळू सैल झालं. हात खाली आला. जीभ बाहेर आली, ओठांवरून फिरली, आणि ते हसलं. बोर्डावरच्या हसण्याहून मोठं.

बेळगावचे म्हातारे उठले, माझ्यापुढच्या वाटीत त्यांनी बोट बुडवलं आणि चाखलं. पुन्हा एकदा बुडवून चाखलं. "हा वहिनींच्या हातचा," ते म्हणाले. "हा कुठनं आला?"

"मी केला," ओवी म्हणाली.

रणजितनं आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी झोपाळ्यावर बसून दुसरी वाटी बोटानं पुसून खात होते. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उतरलं, ते मी इतकी वर्षं जपून ठेवलंय. दागिने ठेवतात तसं. मधूनमधून काढून बघते.

त्या हॉलमधल्या प्रत्येकाच्या खिशात फोन होता. दुसऱ्या दिवशी बाळाचं रडं जिल्हाभर पोचलं. स्टँडसमोरच्या बोर्डावर कोणीतरी 'पसंत'च्या आधी खडूनं 'ना' लिहिलं. करार मोडला.

मला मुलगी झाली. बारशाला नाव कानात सांगण्याचा मान आत्याचा. मी अश्विनीवन्संना स्वयंपाकघरात बोलावून नाव सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"अगं, त्याला चालेल का?"

"नाव बाळाच्या कानात सांगायचं असतं, वन्सं. त्याच्या नाही."

त्या पाळण्याशी वाकल्या, बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले, आणि त्यांनी डोळे पुसत नाव जाहीर केलं. सुलक्षणा. रणजितच्या घरात ते नाव पुन्हा घुमू लागलं. सकाळी, दुपारी, दूध सांडलं तरी, ताप आला तरी. मी मुद्दाम मोठ्यानं हाक मारायचे. त्यानं स्वतः कधी मारली नाही. तो 'ए बाळ' म्हणायचा.

मग त्या सगळ्यांचं काय झालं?

देवयानी मॅडमच्या दवाखान्यानं थोरल्या मुलांकडून रिमोट काढून घेतले. पुढं सरकारनं पट्टाच बंद केला. अश्विनीवन्सं नवरा गेल्यावर आमच्याकडे आल्या आणि शेवटपर्यंत खोबरं भाजत राहिल्या. बेळगावच्या म्हाताऱ्यांनी ओवीला पहिली ऑर्डर दिली, आणि आपल्या हयातीत दुसरा मसाला दुकानात ठेवला नाही.

मी रणजितचं घर सोडलं तेव्हा ओवी दोन्ही बॅगा घेऊन माझ्या आधी रिक्षात बसली होती. निपाणीत तिनं मसाला सुरू केला, आता तिची नातवंडं तो पाहतात. पाकिटावर नथ आहे, वाकडा दात आहे. ती मला अजून मावशीच म्हणते, फक्त 'अहो' कधीच गेलं.

धाकटी सुलक्षणा बंगळुरात असते, झाडांवर संशोधन करते. रंग घातलेलं काहीही तिच्या घशाखाली उतरत नाही. मोठेपणी तिला सगळं सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "आई, मग माझी जीभ माझी आहे का तुमची?" मी म्हटलं, "अर्धी तुझ्या ताईची, अर्धी तिच्या आईची. बापाची मात्र नाही." ती हसली नाही. अजूनही कधी कधी फोनवर मध्येच गप्प होते.

रणजितनं कारखाना विकला आणि कोल्हापुरात जाहिरातीचे बोर्ड भाड्यानं देऊ लागला. म्हातारपणी एका दुपारी काठी टेकत तो निपाणीला आला. ओवी बाहेरगावी होती. परसात भाजणी चालू होती. तो ओसरीवर बसला, वास घेत राहिला.

"जरा रस्सा मिळेल का?" तो म्हणाला. "जुना."

"मिळेल की. बैस," मी म्हणाले.

कपाटाच्या तळाशी एक पाकीट मी इतकी वर्षं ठेवलं होतं. न फोडलेलं. त्यावर बाळ हसत होतं. मसाला खराब झाला नव्हता, खराब होण्यासारखं त्यात काही नव्हतंच. मी त्याचा रस्सा केला, वर कोथिंबीर घातली, गरम भाकरी वाढली.

त्यानं पहिला घास घेतला. भुवया वर चढल्या, खालचा ओठ लोंबला, हनुवटी थरथरली, आणि त्यानं हात तोंडापुढं धरला. थेट तोच चेहरा. पोरगी दिसायला बापावर गेली होती.

मी पळी पुढं केली.

"अजून वाढू?"